सागरगोटे घरीच राहिले : परदेशातल्या एका उन्हाळी शिबिराच्या तयारीचं प्रकरण

आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. टिकाव, घमेली, गुंडाळून ठेवलेले फलक आणि एक टेबल. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका दुपारी ती तिथे आली, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "सर, पैसे भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे. भरू का?"

ती शिराळा तालुक्यातल्या शेतकरी घरातली. वय २२, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचं पहिलं वर्ष. योजनेची दोन वर्षं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर केलेलं, एकदा बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीलाही जाऊन आलेली. ऑनलाइन क्लास लावून जर्मनची पहिली पायरी, ए-वन, पास झालेली. मी तिचा विषयशिक्षक आणि योजनेचा कार्यक्रम अधिकारी. पुढच्या पाच महिन्यांत जी तयारी झाली, ती आमच्या चुकांसकट लिहितो आहे. "नाव नको सर, बाकी सगळं लिहा," असं तिचं म्हणणं.

मोबाईलवरची जाहिरात एका कंपनीची होती. आग्नेय आशियातल्या एका देशात अनाथाश्रमातल्या मुलांना दोन आठवडे इंग्रजी शिकवायचं, शुल्क १ लाख ८० हजार रुपये, विमानाचं तिकीट वेगळं, शेवटी प्रमाणपत्र. मी तिला तीन प्रश्न विचारले. तू इंग्रजीची शिक्षिका आहेस का? पंधरा दिवसांनी तू निघालीस की त्या मुलांना कोण शिकवणार? आणि तुला मुलांपाशी सोडण्याआधी या लोकांनी तुझ्याबद्दल काय चौकशी केली? पहिल्या दोन प्रश्नांवर ती गप्प राहिली. तिसऱ्यावर हसली. "यूपीआय करणार की कार्ड, एवढंच विचारलं, सर."

अशा आश्रमांतल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या पैशावर आश्रम चालतो, म्हणून पाहुण्यांना दाखवायला मुलं लागतात, म्हणून ती गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा या प्रकाराची दखल घेतली गेली होती. हे तिला माहीत नव्हतं. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं. शुक्रवार आला आणि गेला.

मार्चमध्ये वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक जमवणाऱ्या श्रमशिबिरांच्या याद्या निघतात. त्यात तिला जर्मनीच्या हेसन राज्यातलं, ओडेनवाल्डच्या डोंगराळ भागातलं एक शिबिर सापडलं. मिशेलश्टाट या गावापासून जवळ. सुट्टीत रिकाम्या असलेल्या शाळेच्या इमारतीत गावातल्या सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराचं शिबिर. 'फेरियनश्पीले' म्हणतात त्याला, सुट्टीतले खेळ. २२ जुलै ते ९ ऑगस्ट. स्थानिक प्रशिक्षित तरुण मुलांची जबाबदारी घेणार, परदेशातून आलेले नऊ स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली. राहणं-जेवण त्यांचं, प्रवास आपला. व्यायामशाळेत गादीवर झोपायचं.

तारखांवरून घरात पहिला घोळ झाला. आपल्याकडे उन्हाळी शिबिर म्हटलं की एप्रिल-मे. तिच्या आईने एप्रिलमध्येच कुरड्या-पापडाच्या कामातून तिला मोकळं केलं होतं. तिकडचा उन्हाळा आपल्या पावसाळ्यात पडतो, त्यातही जर्मनीत प्रत्येक राज्याची सुट्टी वेगळी. त्या वर्षी हेसनची १५ जुलैला सुरू होत होती, बायर्नची थेट २९ जुलैला. म्हणजे आमचं सत्र चालू असताना तीन आठवडे रजा. प्राचार्यांचं ना-हरकत पत्र मिळालं, पण त्यासाठी प्रात्यक्षिकं आधी पुरी करण्याचं लेखी द्यावं लागलं.

या शिबिरांचं मूळ मी तिला मुद्दाम सांगितलं. १९२० मध्ये पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हर्दँ भागातल्या एका खेड्यात वेगवेगळ्या देशांची माणसं जमवली आणि घरं-रस्ते दुरुस्त करायला घेतले. कालपर्यंतचे शत्रू एकत्र माती उपसत होते. हाच माणूस १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन राबला. या परंपरेत शिकवणारा आणि शिकणारा अशी उतरंड नाही, सगळे बटाटे सोलतात. सोमनाथला दगड उचललेल्या मुलीला हे पटकन कळेल असं मला वाटलं. कळलंही, पण वरवर. मनात ती अजून 'शिकवायला' निघाली होती.

आप्पांचा प्रश्न

एप्रिलमध्ये निवडीचं पत्र आलं आणि मी तिच्या घरी गेलो. आप्पांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, एवढ्या पैशात आपल्या शाळेच्या चार खोल्यांना पंखं बसतील की."

बरोबरच होतं. शेवटी खर्च झाला तो असा: तिकीट ७१ हजार ४००. व्हिसाचं शुल्क ९० युरो, म्हणजे सुमारे ८,१००, वर व्हिसा केंद्राचे २ हजार. विमा १,६५०. पाठवणाऱ्या संस्थेचं शुल्क ९ हजार. तपासण्या, भाषांतर, नोटरी मिळून ४,३००. हातखर्चाचे २०० युरो, १८ हजार २००. एकूण १ लाख १४ हजार ६५०. जर्मनीतल्या मुलांना शिराळ्याच्या मुलीची मदत लागतेच असं नाही, हेही मी कबूल केलं. हा खर्च तिच्या शिक्षणाचा आहे, दानाचा नव्हे, एवढंच माझं म्हणणं होतं. आप्पांनी अट घातली: परत आल्यावर वर्षभर महिन्यातले दोन शनिवार गावच्या शाळेला द्यायचे. ती हो म्हणाली. अटीतला हुशारपणा मला नंतर कळला.

कागद

व्हिसाचं सविस्तर सांगत बसत नाही, कारण नियम बदलतात आणि ते दूतावासाच्या संकेतस्थळावरच वाचावेत. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण पंचेचाळीस दिवसही लागू शकतात, आणि जूनमध्ये अख्खा देश युरोपला निघालेला असतो. आमची गाडी अडली ती चार ठिकाणी.

पहिलं, उद्देशाचा रकाना. एका एजंटने तिला 'पर्यटन'वर खूण करायला सांगितलं होतं, "तेच सोपं पडतं." मी ती खोडायला लावली. 'इतर' निवडून शिबिराचं निमंत्रणपत्र जोडलं. सोबत ती तिथे काय करणार, पैसे मिळणार नाहीत, राहण्या-जेवण्याचं कोण बघणार, हे सांगणारं एक पान. खोट्या कारणाने मिळालेला व्हिसा फ्रँकफर्टच्या खिडकीवर, "कशासाठी आलीस?" या पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

दुसरं, उत्पन्नाचा पुरावा. आप्पांचं आयकर विवरणपत्र नाही, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. आम्ही सातबाऱ्याचं भाषांतर, साखर कारखान्याची तीन वर्षांची ऊसबिलं आणि बिलं ज्या खात्यात जमा होतात त्या बँकेचा उतारा असा जुडगा केला. मधेच मामाने प्रेमाने तिच्या खात्यात दोन लाख टाकले, अर्जाच्या आठ दिवस आधी. असे अचानक आलेले पैसे पाहिले की तपासणाऱ्याचे डोळे बारीक होतात. ते परत पाठवले. मामा रुसले. शेवटी त्यांच्याकडून रीतसर आधारपत्र घेतलं आणि त्यांचा स्वतःचा उतारा जोडला, तेव्हा राग गेला.

तिसरी अडचण आधी कुणी सांगितली नव्हती. जर्मनीत मुलांबरोबर काम करणाऱ्यांकडून पोलिसांच्या नोंदीचा दाखला मागतात. शिबिरानेही तिच्याकडे इथल्या पोलिसांचा मागितला. आम्ही पासपोर्ट सेवेकडे वळलो, तर तिथला पोलीस क्लिअरन्स नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा, परदेशात वास्तव्य अशा कारणांसाठी असतो. पर्यटन व्हिसावर जाणाऱ्याला तो देत नाहीत, आणि हिचा तीन आठवड्यांचा प्रवास नेमका कशात बसतो यावर काउंटरवर दोन मतं निघाली. या चक्रात बारा दिवस गेले. सुटका झाली ती राज्य पोलिसांच्या ऑनलाइन चारित्र्य पडताळणीतून. स्थानिक ठाण्यातून हवालदार घरी आले, शेजाऱ्यांना विचारून गेले, आणि गावभर चर्चा सुरू झाली की हिच्या घरी पोलीस का आले. शिबिरप्रमुखांना मी मेलमध्ये दोन दाखल्यांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी तो चालवून घेतला. आधीच विचारलं असतं तर बारा दिवस वाचले असते.

चौथं, गोवर.

एक डोस, दोन डोस

जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर-संरक्षणाचा कायदा लागू आहे. शाळा आणि पाळणाघरांत काम करणाऱ्यांना, ते १९७० नंतर जन्मलेले असतील तर, गोवरापासून सुरक्षित असल्याचा पुरावा द्यावा लागतो: लशीचे दोन डोस, किंवा रक्तात प्रतिपिंडं असल्याचा अहवाल. हिचं शिबिर शाळेच्या इमारतीत होतं, आणि शिबिराने तोच पुरावा सगळ्या स्वयंसेवकांकडे मागितला.

तिच्या पिढीची गंमत इथे आहे. भारतातल्या नियमित लसीकरणात तेव्हा गोवराचा एकच डोस होता, नवव्या महिन्यात. दुसरा कार्यक्रमात आला २०१० नंतर. महाराष्ट्रात २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि ही तेव्हा सोळा पार केलेली. म्हणजे एकीकडे लहान नव्हती, दुसरीकडे मोठी नव्हती. मधल्या मधे निसटली. बरं, तो एक डोस दाखवायला कार्ड हवं. आजीच्या ट्रंकेत ते सापडलं, पण उंदराने नेमका खालचा कोपरा खाल्लेला. आरोग्यसेविकाबाईंनी उपकेंद्राची जुनी नोंदवही शोधायचा प्रयत्न केला. २०१९ च्या महापुरात जे भिजलं त्यात तीही होती.

शेवटी रक्ताची तपासणी केली, प्रतिपिंडं पुरेशी निघाली, इंग्रजी अहवाल पाठवला. हजाराच्या आत काम झालं. हे एप्रिलमध्ये केलं असतं तर उंदराशी आमचं भांडणच झालं नसतं. त्यामुळे आता मी कुणालाही आधी डॉक्टरकडे पाठवतो आणि मग व्हिसाकडे. लशीला स्वतःचं वेळापत्रक असतं, ते ओळखीने पुढे-मागे होत नाही.

दुसरा विषय गोचिडांचा. ओडेनवाल्डच्या झाडीत गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे दोन आजार होऊ शकतात. एक मेंदूज्वराचा विषाणू, ज्यावर लस आहे. दुसरा लाइम, ज्यावर नाही. लशीच्या पहिल्या दोन डोसांत नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे एक ते तीन महिन्यांचं अंतर लागतं. आमच्या भागात ती मिळाली नाही आणि वेळही उरला नव्हता. डॉक्टरांनी पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट आणि रोज संध्याकाळी अंगाची तपासणी एवढ्यावर भागवलं. गोचीड म्हटल्यावर ती बिनधास्त होती. "सर, म्हशीच्या कानातले रोज काढते मी." मग शिबिराकडून पालकांच्या परवानगीचा कोरा नमुना आला. त्यात एक रकाना असा: माझ्या मुलाच्या अंगावरची गोचीड काढायला माझी संमती आहे / नाही. तो वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. इतका वेळ व्हिसाचे एवढाले कागद पाहून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं.

पोहता येतं का?

शिबिराच्या अर्जात एक साधा प्रश्न होता: पोहता येतं का? तिने 'हो, चांगलं' लिहिलं होतं. ते खरंच होतं. पाठीला रिकामा डबा बांधून सहाव्या वर्षी विहिरीत ढकललेली मुलगी, काठावरून मुटका मारते, वारणेत पोहते.

पण हा प्रश्न विचारणारा काय विचारतो आहे? आठवड्यातून दोनदा मुलांना गावच्या उघड्या तलावावर नेणार होते. तिथे मुलांच्या चड्डीवर बिल्ले शिवलेले असतात. 'झेपफर्डशन', समुद्रघोडा, म्हणजे पंचवीस मीटर पोहून दाखवलेलं मूल. तेवढ्यावर त्याला एकटं खोल पाण्यात सोडत नाहीत, त्यासाठी वरचा, कांस्य बिल्ला लागतो. म्हणजे ज्या समाजात पोहता येण्याच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत, तिथे 'चांगलं' याचा अर्थ बुडणाऱ्याला वर काढता येतं असा कुणी घेतला तर? मी तिला विचारलं, "आठ वर्षांचं घाबरलेलं पोर गळ्याला मिठी मारून बसलं, तर?" तिने प्रामाणिकपणे सांगितलं की माहीत नाही.

त्या रात्री तिने शिबिरप्रमुखांना मेल केला: मी विहिरीत आणि नदीत पोहायला शिकले आहे, जीवरक्षणाचं प्रशिक्षण माझ्याकडे नाही. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तिला काठावरच्या मोजणीवर ठेवलं होतं. दर काही मिनिटांनी डोकी मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. हे काम तिला कमी दर्जाचं वाटलं, चेहऱ्यावर दिसलंच ते. पाच महिन्यांतलं तिचं सर्वांत मोलाचं वाक्य तो मेल होता असं माझं मत आहे, आणि त्या वेळी ते तिला पटलं नव्हतं.

तोंड बंद

ए-वन जर्मन म्हणजे नाव-गाव, बाजार, स्टेशन. दहा वर्षांच्या मुलाशी भांडण सोडवण्याइतकं नाही. तिची तयारी काय होती? अडतीस चित्रफिती असलेलं सादरीकरण. वारी, किल्ले, पैठणी, ढोल-ताशा. मी विचारलं, शाळेला सुट्टी लागलेल्या मुलाला हे बघायचं आहे का? तुला तरी मे महिन्यात कुणी पडद्यासमोर बसवलं असतं तर?

मग एक सराव ठरवला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत तीन शनिवार. मुख्याध्यापक तयार झाले. अट एकच: मराठीचा एक शब्द नाही. खुणा, आणि येईल तेवढं जर्मन. आपल्या मुलांना लगोरी येतेच, त्यामुळे ती घेऊन उपयोग नव्हता. मुलांना अजिबात माहीत नसलेला खेळ हवा होता. तिने जर्मन मुलांचा एक निवडला: 'फॉयर, वासर, श्टुर्म'. आग म्हटलं की कोपऱ्यात पळायचं, पाणी म्हटलं की उंचावर चढायचं, वादळ म्हटलं की कशाला तरी धरून राहायचं.

पहिला शनिवार पूर्ण फसला. तिने नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. दहा मिनिटं हातवारे. पोरं आधी हसली, मग तिचे हातवारे करून दाखवू लागली, मग पांगली. एक जण जवळ येऊन काळजीने म्हणाला, "ताई, तुमाला बोलता येत न्हाई का?" ती रडकुंडीला आली. परतताना मोटारसायकलवर मागे बसून म्हणाली, "सर, शब्द नसले की मी कुणीच नाही."

दुसऱ्या शनिवारी तिने योजनेतल्या दोन पोरींना बरोबर घेतलं आणि काहीच समजावलं नाही. तिघी मैदानात जाऊन खेळायला लागल्या. "वासर!" म्हणून ओरडली आणि तिघी ओट्यावर चढल्या. "फॉयर!" कोपऱ्यात. दोन मिनिटांत कडेला उभी असलेली मुलं आत आली, पाचव्या मिनिटाला एक चौथीतली मुलगी ओरडायचं काम स्वतःकडे घेऊन बसली. ही बाजूला उभी. करायला काही उरलंच नाही. पाऊस पडून गेलेला, मैदानात खरोखरचं पाणी, त्यामुळे 'वासर' हा शब्द सगळ्यांना कायमचा पाठ झाला.

तिसऱ्या शनिवारी एक लहानगा चिखलात घसरला आणि भोकाड पसरलं. तिने क्षणात त्याला कडेवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, गाल ओढला. कुणीही आपल्याकडे हेच करतं. मी तिथेच थांबवलं, कारण शिबिराच्या सूचनांत स्पष्ट होतं: मुलाने स्वतःहून हात पुढे केल्याशिवाय उचलायचं नाही, त्याच्या उंचीला खाली बसायचं, विचारायचं, दुसऱ्या मोठ्या माणसाला हाक मारायची, बंद दाराआड मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. गोळी द्यायची नाही, साधी तापाचीही. फोटो काढायचा नाही. कॉलेजच्या वार्षिकांकाला तिने फोटो कबूल केले होते, तेही रद्द. ती चिडली. "सर, रडणाऱ्या पोराला जवळ घ्यायचं नाही हे कसलं शिबिर?" यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तिचं सगळंच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण ज्या घरातलं मूल आहे त्या घराला हात लावण्याचे कोणते अर्थ कळतात, हे पाहुण्याने ठरवायचं नसतं. शेवटी तिने एक युक्ती काढली: खाली बसायचं आणि दोन्ही तळवे वर करून पुढे धरायचे. ज्याला यायचं तो येईल.

बॅग

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट व्हिसासह परत आला आणि घरी बॅग भरणं सुरू झालं. घरात एक मुलगी जर्मनीला जाणार म्हटल्यावर प्रत्येकाने काहीतरी आणलं.

मावशीने साताऱ्याचे कंदी पेढे आणले. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे बाद, आईचं तूप बाद. काकूची शेंगदाण्याची चिक्की सीमाशुल्काला चालली असती, पण शिबिराने मुलांच्या ॲलर्जींची यादी आधीच पाठवली होती आणि त्यात शेंगदाणा होता. मग तिळाच्या वड्या. तीळही युरोपच्या ठळक छापाव्या लागणाऱ्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांत आहे. शेवटी उरले राजगिऱ्याचे लाडू. आई म्हणाली, "उपवासाचं घेऊन जा मग, ते तरी खात्यात ना?" आषाढी एकादशी १७ जुलैला होती, लाडू घरात बांधलेच होते.

आजीने स्वतःचे सागरगोटे दिले. पाच, गुळगुळीत झालेले, तिच्या लग्नाआधीचे. पोरीने ते रुमालात बांधले, आणि दोन दिवसांनी मला फोन केला. "सर, सागरगोटे म्हणजे बियाच ना?" १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून बिया किंवा झाडाचा जिवंत भाग आणायचा तर वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर या पाच फळांना. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक मी, ते सागरगोटे माझ्यासमोर रुमालात होते, आणि लक्षात आलं ते विद्यार्थिनीच्या. आजीला समजवायला मी गेलो नाही. ते तिनेच केलं.

अडतीस चित्रफितींचा पेनड्राइव्ह तिने नेला. मी काही बोललो नाही.

तिकडे

१९ जुलैच्या रात्री ती मुंबईहून निघाली. इथून पुढचं तिच्या फोनांवरून.

रात्री नऊनंतरही उजेड असल्याने तिला दोन दिवस झोप लागली नाही. मुलं तिला थेट नावाने हाक मारत, अरे-तुरे करत. ताई नाही, मॅडम नाही. त्याचं तिला हसू आलं आणि थोडं लागलंही. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे भांडी, टेबलं पुसणं आणि तलावाकाठची मोजणी होती. पेनड्राइव्ह बॅगेतच.

२५ जुलैच्या सुमारास कोल्हापुरात पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, वारणाही वाढत होती. गावाच्या ग्रुपवर पाण्याचे फोटो पडायला लागले. याची तयारी मात्र आम्ही अजिबात केली नव्हती. जाणाऱ्याला तिकडे काही झालं तर काय करायचं, हे सगळं लिहून ठेवलं होतं. इकडे काही झालं तर? ती दोन रात्री मोबाईल उशाशी घेऊन जागी, दिवसा मुलांपाशी पेंगलेली. शिबिरप्रमुखांनी ते ओळखलं आणि तिला अर्धा दिवस मोजणीवरून काढलं. डोकी मोजणारं माणूस जागं हवं. घरून कुणीतरी एकानेच दिवसातून एकदाच फोन करायचा, बाकीच्यांनी फोटो टाकायचे नाहीत, हे नंतर ठरवलं. आधी ठरवायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात एका पावसाळी दुपारी मुलं व्यायामशाळेत अडकली आणि मुलांची जबाबदारी घेणाऱ्या स्थानिक तरुणांपैकी दोघं आजारी. प्रमुख म्हणाल्या, तुझ्याकडे काही आहे का? तिने मुलांना गोल बसवलं, रुमाल घेतला आणि 'मामाचं पत्र हरवलं' म्हणत मागून फिरायला लागली. तिच्या डोक्यात होतं, हा आपला खेळ, तो दाखवायचा. अर्धी फेरी झाली नाही तोच एक मुलगा ओरडला, "प्लुम्पझाक!" आणि सगळा गोल त्यांचं गाणं म्हणायला लागला. तोच खेळ. मागून फिरणारा, टाकलेला रुमाल, मागे वळून बघायचं नाही. त्यांनी तिच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि ती गोलात बसली. पुढच्या तासाभरात तिला कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या फेरीला तिच्या मागे रुमाल पडला आणि तिला पत्ताच नाही. सगळे हसले. फोनवर हे सांगताना ती जितकी खूश होती तितकी व्हिसा मिळाल्यावरही नव्हती.

९ ऑगस्टला शिबिर संपलं. त्या दिवशी इकडे शिराळ्याची नागपंचमी. आईने फोनवर एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

आप्पांचे शनिवार सप्टेंबरात सुरू झाले. पहिल्या शनिवारी मी बघायला गेलो होतो. मैदान कोरडं होतं, ती फाटकातून आत येत होती, आणि पावसाची एक सर आली. व्हरांड्याबाहेर असलेली सगळी पोरं एका सुरात "वासर!" ओरडली आणि ओट्यावर चढली. ती भिजत खाली उभी राहून डोकी मोजत होती.